स्फटिकांचा शोध आणि अपयशांचे दप्तर



प्रथिनांचे स्फटिक ज्या परिस्थितीत तयार होतील ती परिस्थिती हुडकून काढण्याचे काम यंत्राकडे सोपविणे, हा विषय सार्वजनिक सभेपुढे मांडण्याजोगा आहे किंवा कसे, अशी शंका या व्याख्यानमालेच्या चालकांनी मजजवळ अत्यंत सौजन्याने व्यक्त केली होती, आणि ती रास्तच होती. कारण ज्या विद्येत मुरलेली माणसेसुद्धा कालपरवापर्यंत ‘जमले तर जमले’ यापलीकडे काही सांगू शकत नसत, तिचे विवेचन तासाभरात करू म्हणणे हे धार्ष्ट्यच आहे. तरीही मी आग्रह धरला. यंत्र माणसाचे काम हिरावून घेते की नाही, या एकाच प्रश्नाभोवती आपली यंत्रविषयक चर्चा वर्षानुवर्षे फिरत राहिली आहे. यंत्र आले म्हणजे नोंदी कशा बदलतात, आणि नोंदी बदलल्या म्हणजे ज्ञान कसे बदलते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ते विचारण्यास या लहानशा क्षेत्राइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ती स्वतःभोवती विशिष्ट रीतीने घडी घालून घेते, आणि त्या घडीच्या आकारावर तिचे कार्य अवलंबून असते. हा आकार अणूअणूच्या तपशिलाने पाहावयाचा तर क्ष-किरणांचा आश्रय करावा लागतो. परंतु एकट्या रेणूपासून विखुरणारे किरण इतके क्षीण असतात की त्यांची दखल कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही. म्हणून तोच रेणू अब्जावधींच्या संख्येने, एकाच दिशेस तोंड करून, ओळीने उभा करावा लागतो. अशी शिस्तबद्ध रांग म्हणजेच स्फटिक. मिठाचा किंवा तुरटीचा स्फटिक घरात कोणालाही करता येतो, कारण त्यांचे घटक लहान व टणक असतात. प्रथिनाचा रेणू त्यांच्या मानाने अवाढव्य, वेडावाकडा आणि पृष्ठभागी लवचिक. शेजाऱ्याशी त्याचा स्पर्श होतो तो मोजक्या ठिकाणी, आणि मधल्या सर्व पोकळ्यांत पाणी भरलेले असते. मॅथ्यूज यांनी १९६८ साली केलेल्या गणनेनुसार हा द्रवाचा वाटा २७ पासून ६५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. जवळजवळ अर्ध्या पाण्याची ही वस्तू सुईच्या टोकाने चिरडते आणि हवेत ठेवली तर आपली आंतरिक शिस्त गमावून बसते.

शेवटची गोष्ट कळावयास १९३४ साल उजाडावे लागले. पेप्सिन या विकराचे टपोरे स्फटिक स्वीडनमधील उप्साला येथे तयार झाले होते. ज्या संशोधकाने ते द्रावण शीतपेटीत ठेवले होते तो मधल्या काळात बर्फावर घसरण्याची मौज करावयास गेला होता आणि परत येऊन पाहतो तो स्फटिक चांगले वाढलेले, अशी हकीकत सांगतात. ते स्फटिक केंब्रिज येथे जे. डी. बर्नाल यांच्याकडे पोहोचले. सुके स्फटिक क्ष-किरणांपुढे निरुत्तर राहतात हे पाहून त्यांनी एक स्फटिक त्याच्या मूळ द्रवासह काचेच्या नळीत बंद केला, आणि बर्नाल व डोरोथी क्राउफूट या दोघांच्या नावे प्रथिनाचे पहिले विवर्तनचित्र जगापुढे आले.

त्याआधीचा इतिहास बव्हंशी दैवयोगाचा आहे. गांडुळाचे रक्त दोन काचांमध्ये सुकत ठेवले असता त्यात हिमोग्लोबिनचे स्फटिक दिसले, असे हुनेफेल्ड यांनी १८४० मध्ये नमूद केले; तेथे प्रयोगापेक्षा योगायोग अधिक. योगायोगाला चिकाटीची जोड कशी मिळते याचे उदाहरण मात्र जेम्स समनर यांचे. किशोरवयात शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला होता. अबईच्या जातीतील जॅक-बीन या शेंगेतून युरिएज हे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचा उद्योग त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९१७ साली आरंभिला. १९२६ मध्ये एके रात्री ॲसिटोनमिश्रित गाळीव रस थंडीत ठेवून ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा त्यात स्फटिक होते. विकर हे प्रथिनच असते हा त्यांचा दावा जर्मनीतील मातब्बर मंडळींनी बरीच वर्षे अमान्य केला. नोबेल पारितोषिक १९४६ साली आले. त्या नऊ वर्षांत समनर यांनी कोणकोणते द्राव, कोणकोणते तापमान वापरून पाहिले आणि ते कोठे कोठे फसले, याचा समग्र जमाखर्च आपल्यापाशी असता, तर तो त्या एका यशस्वी थेंबाइतकाच मोलाचा ठरला असता, असे मला वाटते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र म्हणावयाचे तर ते एवढेच आहे.

परिस्थिती हा शब्द मी वारंवार वापरीत आहे, तेव्हा त्यात काय काय येते ते सांगतो. पाण्यात विरघळलेले प्रथिन पाण्याबाहेर येण्यास भाग पाडणारा एक अवक्षेपक लागतो: अमोनियम सल्फेटसारखे क्षार, किंवा १९७० नंतरच्या दशकात अलेक्झांडर मॅक्फर्सन यांनी ज्याचा पुरस्कार केला ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल. त्याचे प्रमाण, द्रावणाचा सामू, सोबतीचे लहानसहान क्षार, धातूंचे अंश, तापमान, खुद्द प्रथिनाची संहती, हे सर्व त्यात आले. इन्सुलिनचे स्फटिक एबल यांनी १९२६ मध्ये मिळविले होते, तरी ते खात्रीने मिळावयाचे तर जस्ताचा अंश आवश्यक असतो हे उमगण्यास १९३४ साल यावे लागले. प्रथिन फार लवकर बाहेर पडले तर त्याचा नुसता चोथा होतो, फार सावकाश पडले तर द्रव स्वच्छच राहतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, ज्यात स्फटिकाचे बीज धरते, आणि त्याच्या अलीकडे आणखी एक पट्टा, ज्यात नवे बीज धरत नाही पण धरलेले वाढते. थेंब पहिल्या पट्ट्यात जाऊन दुसऱ्यात परत यावा, ही सारी कला. त्यासाठीची लोकप्रिय रीत म्हणजे काचेच्या पातळ चकतीवर प्रथिन व अवक्षेपक यांचा थेंब घेऊन चकती उलटी करावी, खालच्या खळग्यात अवक्षेपकाचा अधिक तीव्र साठा ठेवावा, कडा ग्रीसने बंद कराव्यात, आणि लोंबत्या थेंबातील पाणी वाफेच्या वाटेने हळूहळू खाली जाऊ द्यावे.

आता हिशेब करा. वीस अवक्षेपक, दहा सामू, दहा क्षार, पाच संहती आणि दोन तापमाने एवढाच पसारा धरला तरी वीस हजार थेंब होतात, आणि महिनोन्‌महिने राबून हाती आलेले प्रथिन काही मिलिग्रॅमच असते. अर्थात प्रत्येक प्रयोगशाळेत आपापले संप्रदाय निर्माण झाले. कोणी अमोनियम सल्फेटवाले, कोणी ग्लायकॉलवाले; जुन्या थेंबातून नव्या थेंबात सूक्ष्म बीजे नेण्यासाठी मांजराची मिशी वापरण्याची पद्धत तर शास्त्रीय वाङ्मयात रीतसर नमूद आहे. या हस्तकौशल्याचा उपहास करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यातूनच मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन उलगडले. परंतु अशा कौशल्याचा एक स्वभाव असा की ते यशाचा कृतिग्रंथ लिहिते आणि अपयश मोरीत ओतून टाकते.

या गोंधळात पहिली सुव्यवस्था आणण्याचा मान चार्ल्स कार्टर व शार्लट कार्टर या दांपत्याकडे जातो. १९७९ साली त्यांनी असे सुचविले की सर्व जुळण्या करून पाहण्याची गरज नाही; प्रत्येक घटक, आणि घटकांची प्रत्येक जोडी, सारख्या प्रमाणात येईल अशा थोड्या जुळण्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडाव्यात, आणि निकालाला, बऱ्याला तसेच वाईटालाही, गुण देऊन कोणत्या घटकाचा प्रभाव किती ते गणिताने काढावे. ही कल्पना मूळची शेतावरची. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या व बियाण्यांच्या प्रयोगांसाठी ती घडविली होती. महाराष्ट्रातील श्रोत्यांना ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी आपल्या देशातील पिकांच्या अंदाजात त्याच विचाराची प्रतिष्ठापना केली. सरकारी दप्तरी पिकाची आणेवारी ठरे ती गावकामगारांच्या नजरेने. पाटील-कुलकर्णी ज्या शेताच्या बांधावर साहेबाला उभा करतील त्या शेतावरून साऱ्या गावाचा आकडा निघे. त्याऐवजी शेते यदृच्छया निवडावीत, ठरावीक तुकड्यातले पीक कापून तोलावे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढावे, हा पीक-कापणीचा नमुना-प्रयोग म्हणजे नजरेच्या जागी नोंद आणण्याचाच उद्योग होता.

पुढे जे घडले ते मोठे बोधप्रद आहे. १९९१ मध्ये बर्कली येथील यार्मिला यांचारिक व सुंग-हाऊ किम यांनी एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. पूर्वी ज्या परिस्थितींत प्रथिनांचे स्फटिक मिळाल्याचे वाङ्मयात नमूद होते त्यांचा अभ्यास करून त्यांनी पन्नास मिश्रणांचा एक संच सिद्ध केला. तो बाजारात तयार बाटल्यांतून मिळू लागला, आणि पाहता पाहता जगातील प्रत्येक प्रयोगशाळा नव्या प्रथिनावर प्रथम तो संच ओतू लागली. सोय एवढी की कोणी कार्टरांच्या गणिताकडे वळून पाहिले नाही. पण हा नमुना यदृच्छया घेतलेला नव्हता. तो यशस्वी शेतांचाच होता, आणि मागील पिकावरून पुढील शेते निवडण्याचा तो पायंडा होता. या संचाने स्फटिक दिले म्हणजे तीच मिश्रणे पुन्हा वाङ्मयात येत, आणि वाङ्मयात आली म्हणून पुढच्या संचातही ती येत. संचाचा उपयोग निर्विवाद आहे. तो आणेवारीच्या जातीचा आहे एवढेच माझे म्हणणे.

यंत्रांचा प्रवेश या सुमारास झाला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत काही प्रयोगशाळांनी यांत्रिक हातांकडून थेंब घालून घेण्याचे प्रयोग केले. आणि १९९० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डेव्हिड ब्लो यांच्याकडे नाओमी चायेन, पॅट्रिक शॉ स्टुअर्ट प्रभृतींनी थेंब तेलाखाली घालण्याची यांत्रिक योजना प्रसिद्ध केली. तेलाच्या थरामुळे अतिसूक्ष्म थेंबही सुकत नाही, ही त्यातील मर्माची युक्ती. त्यानंतर थेंब आकसत गेला. हाताने घातलेला थेंब साधारण एक मायक्रोलिटर प्रथिनाचा असे. यंत्राने तो शंभर नॅनोलिटरवर, म्हणजे दहाव्या हिश्शावर, आणला. एका मिलिलिटरात दहा मिलिग्रॅम प्रथिन धरले तर शहाण्णव खळग्यांच्या एका तबकडीला पूर्वी जवळजवळ एक मिलिग्रॅम लागे, आता त्याचा दशमांश पुरतो. बफेलो येथील हाउप्टमन-वुडवर्ड संस्थेने २००० सालापासून एकेका प्रथिनावर १५३६ मिश्रणे तेलाखाली अजमाविण्याचा जो कारखाना उघडला, त्यात प्रत्येक खळग्यात दोनशे नॅनोलिटर प्रथिन पडते. म्हणजे दीड हजार प्रश्न विचारण्याचा खर्च तीन मिलिग्रॅम. वेगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की यंत्राला विसरता येत नाही. कोणत्या खळग्यात काय पडले, केव्हा पडले, कोणत्या तापमानात राहिले, हे त्याने लिहिल्यावाचून त्याचे कामच चालत नाही. ज्या थेंबात काही झाले नाही त्याचीही छायाचित्रे ठरलेल्या वाऱ्या करून घेतली जातात आणि दप्तरी दाखल होतात. आळसाने, निराशेने किंवा भिडेने जे अपयश आजवर बेनोंद राहत असे, ते प्रथमच रुजू झाले.

या दप्तराने सांगितलेली पहिली मोठी गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियातील ला होया येथे संरचनात्मक जनुकशास्त्राचे एक संयुक्त केंद्र होते. इटलीतील ज्वालामुखी बेटाजवळच्या सागरी गाळात सापडलेल्या आणि ऐंशी अंशांच्या उष्णतेत सुखाने नांदणाऱ्या थर्मोटोगा मॅरिटिमा या जिवाणूची सर्वच प्रथिने हाती घ्यावयाची, असा या केंद्राचा संकल्प. २००३ साली त्यांनी ५३९ प्रथिने प्रत्येकी ४८० मिश्रणांत घालून मिळालेले निकाल छापले; अडीच लाखांहून अधिक थेंब. ४६५ प्रथिनांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे स्फटिक दिले. परंतु निकालांची छाननी केली तेव्हा असे दिसले की ४८० पैकी शंभराच्याही आतील निवडक मिश्रणांनी ही बहुतेक सर्व प्रथिने पकडली असती. जे प्रथिन स्फटिक देणारे, ते अनेक मिश्रणांत देते. जे देणारे नाही, त्याच्यापुढे आणखी शेकडो बाटल्या रित्या केल्या तरी ते बधत नाही. परिस्थितीचा शोध अधिकाधिक रुंद करण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने, रुंदीला मर्यादा आहे, असा निकाल आपल्याच विरुद्ध दिला. प्रामाणिक दप्तराचे हेच लक्षण.

मग अडचण कोठे आहे? पुष्कळदा ती मिश्रणात नसून प्रथिनातच असते. जुन्या लोकांना हे अंतःप्रेरणेने ठाऊक होते. केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनसाठी घोड्यापासून आरंभ करून नाना प्राणी पालथे घातले आणि अखेर पेरूहून आलेल्या स्पर्म देवमाशाच्या मांसातील मायोग्लोबिनवर ते स्थिरावले, कारण त्याचे स्फटिक मनासारखे होते. आदा योनाथ यांनी रायबोसोमसारख्या अजस्र रचनेसाठी उष्णप्रिय जिवाणू निवडले, त्यामागेही हेच तर्कशास्त्र. आता प्राणी बदलण्याऐवजी जनुक बदलता येते: प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिन किंवा ग्लुटामेट यांचे जे लांब, हलते शेपूट असते त्याच्या जागी ॲलानिनचा आखूड अवशेष बसविला तर रेणूंना एकमेकांशी जुळते घेणे सोपे जाते, असे डेरेवेंडा यांनी दाखविले. आणि मांजराच्या मिशीचा वारसाही वाया गेला नाही. एका मिश्रणात उगवलेले हिणकस स्फटिक चिरडून त्यांची बीजे यंत्राने दुसऱ्या सर्व मिश्रणांत टाकावयाची, ही ॲलन डार्सी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली रीत आज सर्वत्र रूढ आहे.

यंत्राचे हात आले तेव्हा डोळ्यांची टंचाई भासू लागली. दीड हजार थेंबांची चित्रे आठवड्यामागून आठवडे घेतली तर ती पाहावयाची कोणी? शिवाय दोन तज्ज्ञांचे एका चित्राविषयी एकमत होईलच असे नाही. एकाला जो बारीक स्फटिकांचा गुच्छ वाटतो तो दुसऱ्याला निव्वळ चोथा वाटतो. मिठाचे स्फटिकही घात करतात: कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की प्रथिनाविनाच सुबक स्फटिक उगवतो. सुईने दाबून पाहणे ही जुनी परीक्षा, कारण प्रथिनाचा स्फटिक मुकाट्याने चुरडतो आणि क्षाराचा कटकन तुटतो. अतिनील प्रकाशात प्रथिनातील ट्रिप्टोफॅन चमकतो, ही यंत्राला शिकविता येणारी नवी. २०१८ साली पाच संस्थांनी, ज्यांत औषधांच्या बड्या कंपन्याही होत्या, आपापली सुमारे पाच लाख वर्गीकृत चित्रे एका ठिकाणी आणली आणि त्यांवर शिकविलेल्या संगणकप्रणालीने चित्रांची स्फटिक, चोथा, स्वच्छ आणि इतर अशी चार गटांत सुमारे ९४ टक्के अचूक वाटणी केली. कंपन्यांनी आपले यश कुलूपबंद ठेवून अपयशाची चित्रे देऊ केली असतील, अशी शंका घेण्याचा मोह होतो. पण तसे असले तरी बिघडले नाही, देण्याजोगी वस्तू तीच होती.

अपयशाची नोंद नुसती जपून ठेवण्याची वस्तू नसून कामाची वस्तू आहे, याचा पुरावा शेजारच्या शास्त्रातून मिळाला. पेनसिल्व्हेनियातील हॅवरफर्ड या लहानशा महाविद्यालयातील अध्यापकांनी जुन्या नोंदवह्यांत पडून राहिलेल्या फसलेल्या अभिक्रिया संगणकाला शिकविल्या, आणि अकार्बनी-कार्बनी मिश्र स्फटिक मिळविण्याच्या परिस्थितींचे भाकीत त्याच्याकडून करविले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात संगणकाचे भाकीत ८९ टक्के वेळा फळले, अनुभवी माणसांची निवड ७८ टक्के. तीन वर्षांनी याच परंपरेतील दुसऱ्या निबंधात असे दिसून आले की माणसांनी आवडीने निवडलेल्या अभिक्रियांपेक्षा यदृच्छया निवडलेल्या थोड्याशा अभिक्रियांवर शिकलेली प्रणाली अधिक चांगले भाकीत करते. सुखात्मे-पानसे यांना यात नवल वाटले नसते.

आपल्याकडे हे काम कोठे चालते असे कोणी विचारील. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मंडळींनी इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाच्या साहाय्याने पेनिसिलिन व्ही ॲसिलेज या विकराची संरचना १९९९ साली प्रसिद्ध केली. अर्धसंश्लेषित पेनिसिलिनांच्या उत्पादनाशी या विकरांच्या कुळाचा निकटचा संबंध आहे. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांचा प्रखर झोत देणाऱ्या यंत्रावर, प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणमार्ग आहे, तो भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला.

शेवटी एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमावरूनच प्रथिनाचा आकार सांगणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली २०२० मध्ये यशस्वी ठरली, २०२४ मध्ये तिच्या कर्त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मग स्फटिकांचा हा खटाटोप आता कशाला? उत्तर असे की ती प्रणाली शिकली ती स्फटिकांच्या बळावर साचलेल्या संरचनांवरच. आणि औषधाचा एखादा लहान रेणू प्रथिनाच्या कोणत्या फटीत नेमका कसा बसतो हे खात्रीने पाहावयाचे तर अद्याप स्फटिकच लागतो, तोही एक नव्हे, एकसारखे शेकडो. २०२० साली करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर इंग्लंडातील डायमंड या सिंक्रोट्रॉनने हजाराहून अधिक लघुरेणू असेच स्फटिकांत मुरवून तपासले. पहिला स्फटिक शोधून काढण्याच्या कामाइतकेच तोच स्फटिक पुनःपुन्हा हुकमी उगविण्याचे काम आता यंत्राच्या पदरी पडले आहे.

राहता राहिले दप्तर. प्रथिन-संरचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली सात संरचनांनिशी उघडला. आज त्यात दोन लाखांहून अधिक आहेत. स्फटिकांच्या बहुतेक नोंदींत तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हे सांगणारी एक ओळ असते, आणि ती बहुधा ज्याला जशी सुचेल तशी लिहिलेली असते. अमेरिकेतील संरचनात्मक जनुकशास्त्राच्या सरकारी योजनेत, २००० ते २०१५ या काळात, कोणते प्रथिन कोणत्या पायरीवर अडले याचीही बारनिशी ठेवली जात असे. योजनेची मुदत सरली, आणि थोड्याच काळात त्या बारनिशीची भरतीही थांबली. माझी सूचना अशी आहे की संग्रहाच्या त्या एका ओळीखाली आणखी तीन रकाने असावेत: एकूण थेंब किती घातले, त्यांपैकी किती स्वच्छ राहिले आणि कितींत चोथा झाला, आणि स्फटिक येण्याआधी प्रथिनाच्या साखळीत कोणते फेरफार करून पाहिले. हा मजकूर यंत्रांच्या स्मृतिकोशात आजही तारीखवार पडून आहे. तो दाखल केल्यावाचून संरचना स्वीकारू नये, एवढा हुकूम मात्र अद्याप सुटलेला नाही.